मंथली ते लुक्ला : ७४ किलोमीटरांचा विमानप्रवास

नेपाळमधील मंथली आणि लुक्ला या दोन छोट्या विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ७४ किलोमीटर आहे. वैमानिकांच्या हिशेबात ४० सागरी मैल. मंथली हे रामेछाप जिल्ह्याचे मुख्यालय तामाकोशी नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून अवघ्या ४७४ मीटर उंचीवर आहे, तर सोलुखुंबू जिल्ह्यातले लुक्ला २,८४६ मीटर उंचीवर, दूधकोशीच्या खोऱ्याच्या वर, डोंगराच्या कडेला टेकलेले आहे. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या बहुतेकांचा चालण्याचा प्रवास लुक्लापासून सुरू होतो. वसंत आणि शरद या गर्दीच्या हंगामांत लुक्लाची बहुतेक विमाने काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात आणि उड्डाणाचा वेळ पंधरा ते वीस मिनिटे सांगितला जातो. धाकट्या बहिणीबरोबर लुक्लाच्या पुढच्या नामचे बाजार या गावापर्यंत जायचे ठरल्यावर मी ही मिनिटे आणि हे किलोमीटर नकाशावर पुन्हा पुन्हा ताडून पाहिले होते. त्यांचा खरा अर्थ मात्र प्रत्यक्ष जाऊन आल्यावरच उलगडला, आणि तो जसा उलगडत गेला त्याच क्रमाने इथे मांडते आहे.

पहिला दिवस : काठमांडू ते मंथली

लुक्लाला जाणारे बरेच प्रवासी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजता निघतात आणि पहाटे थेट मंथलीच्या विमानतळावर पोचतात. आम्ही आदल्या दिवशी सकाळीच निघायचे ठरवले. अंधारात, झोपेत, डोके खिडकीवर आपटत केलेला घाटातला प्रवास आणि त्यानंतर लगेच उंचीवरची चाल हे शरीराला न मानवणारे आहेच. शिवाय जो रस्ता आपल्याला विमानापर्यंत पोचवणार तोही पाहायला हवा, असे मला वाटत होते.

काठमांडू आणि मंथली यांच्यातले सरळ अंतर सुमारे ७७ किलोमीटर आहे, म्हणजे मंथली ते लुक्ला या हवाई अंतरापेक्षा थोडेसेच जास्त. रस्त्याने मात्र ते १३० किलोमीटरांच्या घरात जाते. भक्तपूर, बनेपा, धुलिखेल अशी गावे मागे टाकून गाडी बी. पी. राजमार्गाला लागते. नेपाळचे माजी पंतप्रधान विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांचे नाव असलेला हा मार्ग जपानच्या मदतीने बांधला गेला आहे. रस्ता अरुंद, पण वळणे विचार करून आखलेली. धुलिखेलहून उतरताना तो रोशी नदीची सोबत धरतो आणि पुढे सुनकोशीच्या कडेकडेने जातो. २०२४ च्या सप्टेंबरअखेरच्या पुरात रोशीच्या खोऱ्यातला हा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, त्याच्या खुणा अजून स्पष्ट दिसत होत्या. जिथे डांबर संपत होते तिथे गाडी थेट नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरत होती आणि दोनतीनशे मीटरनंतर पुन्हा वर चढत होती. समोरून ट्रक आला की एकाने थांबायचे, दुसऱ्याने जायचे, हा नियम कोणी न सांगता पाळला जात होता. खुर्कोटनंतर मंथलीची वाट लागेपर्यंत दुपार टळून गेली. एरवी चार-पाच तासांचा समजला जाणारा हा टप्पा त्या दिवशी त्याहून बराच लांबला.

मंथलीत उतरल्यावर पहिली जाणीव झाली ती उकाड्याची. हिमालयात निघालेल्या माणसाच्या पाठीवर जाड जाकीट असते आणि हे गाव नदीकाठच्या सखल, तापलेल्या खोऱ्यात आहे. विमानतळाभोवती खोल्या भाड्याने देणारी घरे उभी राहिली आहेत. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो त्या दिदींनी चहा देतानाच सांगितले, "बहिनी, भोलि पालो आएन भने कोठा छ है, चिन्ता नगर्नु." उद्या नंबर लागला नाही तर खोली आहे, काळजी करू नका. विमानाच्या तिकिटावर तारीख असताना त्यांनी हे आधीच सांगून ठेवले, आणि त्यात धीर देण्याखेरीज दुसरा हेतू नव्हता.

संध्याकाळी गच्चीवर बसून बहिणीने फोनवरच्या नकाशात दोन्ही विमानतळांमध्ये रेघ ओढली. "ताई, हे तर हाकेच्या अंतरावर आहे, मग एवढा खटाटोप कशाला?" तिचा प्रश्न रास्त होता. ती रेघ उत्तरेकडून पूर्वेकडे साधारण ६४ अंशांवर जाते. लुक्लाच्या धावपट्टीला ०६ हा क्रमांक आहे, म्हणजे तिची दिशाही साधारण साठ अंशांची. त्यामुळे कागदावर पाहिले तर मंथलीहून निघालेले विमान नाकासमोर गेले तरी जवळजवळ धावपट्टीच्या रेषेतच पोचेल असे वाटते. पण त्या रेघेखाली लामजुराची डोंगरधार आडवी पडलेली आहे, आणि तिच्यावरची खिंडच ३,५३० मीटर उंच आहे.

इथे एक साधा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटला. दोन विमानतळांच्या उंचीत २,३७२ मीटरांचा फरक आहे. काटकोन त्रिकोणाचा शाळेतला नियम लावून हा फरक अंतरात मिळवला, तर ७४ किलोमीटरांत भर पडते ती जेमतेम ४० मीटरांची. अंतराच्या दृष्टीने उंची जवळजवळ नगण्य आहे. वेळेच्या दृष्टीने मात्र तीच सर्वांत मोठी बाब आहे, कारण विमानाला तेवढे चढून चालत नाही; आधी लामजुराच्याही वर जावे लागते आणि मग लुक्लाकडे उतरावे लागते. विमानतळांमधले अंतर सांगणारे तक्ते आडवे अंतर घेतात, त्याला सरासरी वेगाने भागतात आणि वर थोडी मिनिटे मिळवून वेळ सांगतात. सपाट प्रदेशात ही रीत पुरेशी आहे. इथे ती अपुरी पडते.

दुसरा दिवस : धावपट्टीच्या अलीकडे

पहाटे पाचच्या आधी आम्ही विमानतळाच्या फाटकाशी होतो, आणि आमच्या आधी तिथे बरीच गर्दी होती. काठमांडूहून रात्रभर प्रवास करून आलेल्या गाड्या एकामागोमाग एक थांबत होत्या. आत लहानसा कक्ष, सामान तपासण्याची लहानशी जागा आणि वजनकाटा.

हा काटा पाहण्यासारखा आहे. प्रत्येकाला हातातल्या पिशवीसह साधारण १५ किलो सामान नेता येते, आणि ते सगळे काट्यावर चढते. आमच्या पुढच्या गृहस्थांची पिशवी दोन किलोंनी जास्त भरली. त्यांनी बूट काढून पायात घातले, दुर्बीण गळ्यात अडकवली. कर्मचाऱ्याने ते शांतपणे पाहिले आणि त्या वस्तूही तक्त्यात मिळवून आकडा तसाच लिहिला, कारण वस्तू पिशवीत असो की अंगावर, विमानाला वजन तेवढेच उचलायचे असते. त्याच्या हातातल्या कागदावर प्रवासी, सामान, इंधन आणि टपाल-किराण्याची खोकी असे रकाने होते आणि तो पेन्सिलीने त्यांची बेरीज करत होता. या मार्गावर ट्विन ऑटर, डॉर्नियर २२८ आणि एल-४१० ही जेमतेम एकोणीस आसनांची विमाने चालतात. लुक्लाच्या विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, म्हणून आसने मोकळी असूनही कधी कधी माणसे कमी घ्यावी लागतात. ती बेरीज करताना त्याने कुणाशी बोलायचे टाळले, याचे मला मनापासून कौतुक वाटले.

मंथलीहून उड्डाणे करण्याचे कारणही या वेळात समजावून घेता आले. काठमांडूहून लुक्ला सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर आहे आणि उड्डाणाला साधारण अर्धा तास लागतो. अंतर फार नाही. पण त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आहे, आणि हंगामात मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय विमानांच्या रांगेत एकोणीस आसनांच्या विमानाला खोळंबून राहावे लागते. उतरतानाही आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. लुक्लाला मात्र विमान उतरवण्याजोगा वेळ सकाळच्या काही तासांचाच असतो. मंथलीहून एक फेरी, म्हणजे जाणे, माणसे उतरवणे, नवी चढवणे आणि परत येणे, पाऊण-एक तासात पुरी होते. त्यामुळे सकाळी सहा ते अकरा हवामान निवळलेले राहिले तर एकच विमान पाच-सहा फेऱ्या करू शकते. काठमांडूहून तेवढ्या वेळात त्याच्या निम्म्या होणेही अवघड असते. प्रवाशाला रस्त्याचा त्रास वाढतो, पण लुक्लाला पोचणाऱ्या माणसांची संख्याही वाढते. ही व्यवस्था मला योग्य वाटते, आणि तिच्याबद्दल तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

पहिल्या फेरीची विमाने सहाच्या सुमारास गेली, परत आली, पुन्हा गेली. आमची पाळी चौथ्या फेरीत होती. तिसरी फेरी गेली आणि काही वेळाने त्यातले एक विमान प्रवाशांसह मंथलीलाच परत उतरले. लुक्लाच्या तोंडाशी ढग आले होते. मंथलीवर त्या वेळी आकाश निळेभोर होते, तामाकोशीच्या पाण्यावर ऊन चमकत होते, आणि नव्याने आलेल्या एका गटाला विमान का सुटत नाही हे काही केल्या पटत नव्हते. लुक्लाला केवळ उपकरणांच्या भरवशावर उतरता येत नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये धुक्यात उतरू पाहणारे एक ट्विन ऑटर धावपट्टीच्या अगदी जवळ कोसळले आणि वैमानिक वगळता विमानातले अठराही जण दगावले. म्हणून इकडचे निळे आकाश पाहून तिकडचा निर्णय होत नाही.

दहानंतर दुसरे कारण पुढे आले. ऊन वाढले की खोऱ्यातला वारा खालून वर, म्हणजे नैर्ऋत्येकडून वाहू लागतो. लुक्लाला विमाने चढाच्या दिशेने, ईशान्येकडे तोंड करून उतरतात, त्यामुळे हा वारा त्यांच्या पाठीशी येतो. उतरणाऱ्या विमानाला समोरचा वारा हवा असतो. पाठीमागचा वारा जमिनीवरचा वेग वाढवतो आणि थांबायला लागणारी जागाही. जागा मात्र ५२७ मीटरच आहे. अकराच्या पुढे आमचे नाव दुसऱ्या दिवसाच्या यादीत गेले. पिशव्या परत घेतल्या आणि दिदींच्या घरी गेलो. त्यांनी खोली कुणाला दिली नव्हती.

दुपारभर नदीकाठच्या झाडाखाली बसलो. या दोन ठिकाणांमधला प्रवास विमानाआधी लोक कसा करत असतील, हा विचार तिथे सहज मनात आला. १९५३ ची ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम काठमांडूच्या खोऱ्यातून शेकडो हमालांसह चालत निघाली आणि एव्हरेस्टच्या वाटेवरच्या तेंगबोचे मठाला पोचायला तिला सुमारे सतरा दिवस लागले. आजही जिरी या गावापासून लुक्लापर्यंत जुन्या वाटेने चालत गेले तर आठवडाभर लागतो, कारण ती वाट डोंगरधारांना समांतर न जाता एकेक धार ओलांडत जाते. आदल्या संध्याकाळी आम्ही नकाशावर जी रेघ ओढली होती, तिच्या जवळपासच ही वाट लामजुरा चढते.

तिसरा दिवस : उड्डाण

आमचे विमान ट्विन ऑटर होते. चाके खालीच पक्की केलेली, पंख प्रवाशांच्या डोक्यावर, दोन इंजिने, आणि वैमानिकांच्या मागे दार नाही. त्यामुळे समोरची काच आणि सगळी उपकरणे प्रवाशांना दिसतात. हवाईसेविकेने एका ताटलीत गोळ्या आणि कानात घालायला कापसाचे बोळे आणून दिले. दाब नियंत्रित नसलेल्या या विमानात कापूस आवाजापुरता उपयोगी पडतो आणि गोळी चघळण्याने कान मोकळे होतात. डाव्या बाजूची जागा मिळावी म्हणून आम्ही आधीच पुढे उभ्या होतो, कारण बर्फाची शिखरे त्या बाजूला दिसतात.

सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी चाके सुटली. घड्याळ आणि वैमानिकांसमोरचा उंची दाखवणारा काटा या दोन्हींवर मी लक्ष ठेवले. पहिली काही मिनिटे केवळ चढण्यात गेली. चढताना विमानाचा पुढे जाण्याचा वेग कमी असतो, इंजिनांचा बराच जोर वर नेण्यात खर्च होतो, आणि काटा मिनिटाला हजारएक फुटांनी सरकत होता. खाली मळ्यांच्या पायऱ्या, त्यांच्यावर घरे, घरांपासून निघून धारेपर्यंत जाणाऱ्या पायवाटा. डावीकडे गौरीशंकर उभे राहिले, ७,१३४ मीटर उंच, आणि साधारण सहाव्या मिनिटाला आम्ही ८६ अंश १५ मिनिटे पूर्व रेखांश ओलांडला. नेपाळची प्रमाणवेळ याच रेखांशावर ठरलेली आहे. गौरीशंकरजवळून जाणारी ही रेषा भारताच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेपासून पावणेचार अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने फरक बरोबर पंधरा मिनिटांचा होतो. आपल्या घड्याळापेक्षा पाऊण नाही, अर्धा नाही, पाव तासच पुढे का, याचे उत्तर खिडकीतून दिसत होते, आणि माझ्यासाठी या उड्डाणातला हा फार आनंदाचा क्षण होता.

बाराव्या मिनिटाच्या सुमारास काटा साडेबारा हजार फुटांवर होता आणि लामजुराची धार खालून सरकली. इतकी जवळून, की वाटेवरच्या दगडी भिंती आणि प्रार्थनेच्या पताका वेगळ्या ओळखू येत होत्या. मंथली सोडल्यापासून चढणे थांबले ते इथेच. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ त्या चढाईनेच घेतला होता. धार ओलांडताच जमीन एकदम खाली गेली, विमान दोनदा जोरात हलले, बहिणीने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दूधकोशीच्या खोऱ्यात शिरलो.

लुक्लाची धावपट्टी समोरच्या काचेतून प्रथम दिसते तेव्हा ती डोंगराच्या अंगावर उभी चिकटवलेली करडी पट्टी वाटते. खालच्या टोकाशी खोल दरी आहे आणि वरच्या टोकाशी डोंगर, त्यामुळे एका मर्यादेनंतर विमान पुन्हा वर उचलून दुसरा प्रयत्न करण्याची सोय नाही. या ठिकाणी उतरवणाऱ्या कॅप्टनला छोट्या धावपट्ट्यांवरच्या उड्डाणांचा मोठा अनुभव लागतो आणि आधी प्रशिक्षकाबरोबर लुक्लाला दहा उड्डाणे करावी लागतात. आमच्या दोन्ही वैमानिकांनी शेवटच्या दोन मिनिटांत एकमेकांशी अगदी मोजके शब्द बोलले. चाके टेकल्यावर धक्का बसला, लगेच पुढे झुकल्यासारखे झाले आणि विमान चढावर आपोआप मंदावत वरच्या टोकाशी वळून उभे राहिले. सात वाजून एक मिनिट. उड्डाणापासून टेकण्यापर्यंत १९ मिनिटे. म्हणजे सरासरी वेग तासाला २३५ किलोमीटरांच्या आसपास पडला. ट्विन ऑटर सपाटीवर याहून बरेच वेगाने जाऊ शकते. जो फरक राहिला तो लामजुराच्या खात्यावर आहे.

सामान घेऊन आम्ही लगेच चालू लागलो नाही. धावपट्टीच्या वरच्या बाजूने वाट जाते, तिथे कुंपणाशी उभे राहून पुढची विमाने पाहिली. विमान येणार असले की भोंगा वाजतो. मग खोऱ्यात एक ठिपका दिसतो, मोठा होतो आणि बघता बघता चाके टेकलेली असतात. धावपट्टीचा उतार ११.७ टक्के आहे. ५२७ मीटर लांबीत खालचे आणि वरचे टोक यांच्या उंचीत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो. हा उतार मुद्दाम उपयोगी पडेल असा आहे. लुक्लाच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट असते. तेवढीच उचल मिळवायला विमानाला सुमारे पंधरा टक्के अधिक वेगाने उतरावे लागते, आणि थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे वाढलेले अंतर तो चढ भरून काढतो. उड्डाण करताना तोच उतार विमानाला वेग देतो. फरसबंद जागेवर जेमतेम चार विमाने मावतात, म्हणून बहुतेकदा एक इंजिन चालूच ठेवून माणसे आणि पोती उतरवली जातात आणि काही मिनिटांत विमान पुन्हा खाली धावत सुटते.

१९६४ मध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने ही धावपट्टी तयार झाली. त्यांना आधी खालची सपाट शेतजमीन हवी होती, पण शेतकऱ्यांनी ती सोडायला नकार दिला, म्हणून ही उताराची जागा घेतली गेली. माती घट्ट बसावी यासाठी शेर्पांनी तिच्यावर पाय आपटत नाच केला, असे सांगतात. मूळ उद्देश खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या प्रदेशातल्या, शाळा आणि रुग्णालय यांच्यासाठी सामान आणण्याचा होता. पुढे कित्येक वर्षे ती मातीचीच राहिली. २००१ मध्ये तिच्यावर डांबर पडले आणि २००८ मध्ये, हिलरींच्या निधनाच्या वर्षी, विमानतळाला तेनझिंग-हिलरी हे नाव देण्यात आले. ज्या शेतकऱ्यांनी आपली सपाट जमीन राखली त्यांच्यामुळे ही चढती धावपट्टी मिळाली, आणि आज तिथे उभे राहून पाहिले तर दोन्ही पक्षांचे बरोबर होते असेच म्हणावेसे वाटते.

नामचेपर्यंत आणि परत

लुक्लाहून फाकदिंगला त्याच दिवशी पोचलो. वाट बरीचशी उतरती आहे, झुलत्या पुलांवरून दूधकोशी ओलांडत जाते. नामचे बाजार ३,४४० मीटरांवर आहे आणि लुक्लापासून सरळ रेषेत जेमतेम १३ किलोमीटर. आम्हाला तिथे पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, आणि शेवटच्या चढाने दम काढला. या वाटेवर कोणी अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. विचारले की 'अजून दोन तास', 'जेवणाच्या वेळेपर्यंत' असे उत्तर येते, आणि ते विचारणाऱ्याची चाल पाहून दिलेले असते. नामचेत उंचीची सवय होण्यासाठी थांबलो, वरच्या कड्यावरून एव्हरेस्ट आणि आमा दबलम पाहिले आणि त्याच वाटेने खाली आलो.

लुक्लाला परतलो तेव्हा ढग खोऱ्यात बसलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा एकदाही वाजला नाही. जेवणघरांत माणसे खिडकीपाशी बसून होती. ज्यांची काठमांडूहून पुढची विमाने ठरलेली होती त्यांच्यातले काही हेलिकॉप्टरची चौकशी करत होते, काही जण सुर्के गावाच्या दिशेने खाली उतरून कच्च्या रस्त्याने जीप पकडायचे ठरवत होते. त्या वाटेने सल्लेरीमार्गे काठमांडू गाठायला दोन दिवस धरावे लागतात. आमच्या हाताशी मोकळे दिवस होते, त्यामुळे आम्ही थांबलो, आणि त्या थांबण्याचे ओझे वाटले नाही. दुपारी क्षणभर ढग फाटले तेव्हा धावपट्टीचे खालचे टोक दिसले आणि पुन्हा झाकले गेले. तेवढ्यावर कुणी विमान सोडत नाही.

त्यानंतरची सकाळ लख्ख उजाडली. पावणेसातला आम्ही विमानात होतो. वरच्या टोकाशी विमान ब्रेक लावून उभे राहिले, इंजिने पूर्ण जोरात गेली, सगळा सांगाडा थरथरू लागला आणि मग ब्रेक सुटले. उतारावरून धावताना खिडकीबाहेरचे कुंपण झपाट्याने मागे गेले. पट्टी संपायच्या आत चाके उचलली होती आणि खालची जमीन एकदम दूर गेली. परतीला चढाई थोडीच असते. लुक्ला आधीच उंचावर असल्यामुळे लामजुरा ओलांडायला हजारएक मीटर वर जाणे पुरते, आणि धारेनंतर मंथलीपर्यंत सारा उतारच. तरी परतताना पश्चिमेचा वारा समोरून लागतो. घड्याळात १७ मिनिटे भरली. तेच ७४ किलोमीटर, तेच विमान, पण जाताना आणि येताना वेळ वेगळा, हे या मार्गाच्या बाबतीत अपवाद नसून नेहमीचे आहे.

मंथलीला दार उघडताच गरम हवा आत आली. पिशव्या हातात मिळाल्या तेव्हा पुढच्या फेरीचे प्रवासी काट्यापाशी रांगेत उभे होते आणि त्यांतल्या एकाने मला विचारले की वर आकाश कसे आहे. मी निरभ्र असल्याचे सांगितले, पण दहाच्या आत पोचा, असेही सांगितले. काठमांडूची गाडी दुपारी मिळाली आणि रात्री उशिरा आम्ही मुक्कामी पोचलो.

हा प्रवास आखणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहून ठेवते. मंथलीला आदल्या संध्याकाळी पोचावे, म्हणजे पहिल्या फेऱ्यांसाठी ताजेतवाने राहता येते. सकाळच्या सुरुवातीच्या फेरीची जागा मागून घ्यावी; नंतरच्या फेरीचे तिकीट म्हणजे बहुतेकदा पुढच्या दिवसाची शक्यता असते. जाताना डावी बाजू आणि येताना उजवी बाजू घ्यावी. औषधे आणि एक उबदार कपडा हातातल्या पिशवीत ठेवावा, कारण मोठी पिशवी कधी कधी मागच्या विमानाने येते. आणि परतीच्या बाजूला, काठमांडूहून घरी जाणाऱ्या विमानाच्या आधी, किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. पावसाळ्याच्या तोंडाशी जाणार असाल तर तीन.